पान्हासर आणि फाटकाची कडी

पान्हासर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सरांच्या तोंडावर ते कुणी उच्चारत नसे, एवढाच काय तो आदर. पशुवैद्यक महाविद्यालयात ते रुजू झाले तेव्हा त्यांना हृदय शिकवायचं होतं. पण हृदय एका ज्येष्ठांनी आधीच अडवून ठेवलं होतं, मेंदू दुसऱ्यांकडे होता आणि मूत्रपिंडावर विभागप्रमुखांच्या जावयाचा डोळा होता. उरली कास. सरांनी नाइलाजाने कास घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही.

दरवर्षी ते तेच व्याख्यान देत. फळ्याच्या एका टोकाला वासराचं तोंड, दुसऱ्या टोकाला गाईचं डोकं आणि मध्ये बाणच बाण. दूध तयार होणं वेगळं आणि दूध सुटणं वेगळं, इथून सुरुवात व्हायची. वासरू आचळ चोखतं, त्याची खबर मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते आणि मेंदूच्या तळाशी लोंबणारी वाटाण्याएवढी ग्रंथी दोन संप्रेरकं सोडते. प्रोलॅक्टिन पुढच्या वेळच्या दुधाची सोय लावतं. ऑक्सिटोसिन कासेत साठलेलं दूध पिळून खाली आणतं, त्यालाच आपण पान्हा म्हणतो. पण आई घाबरली, गडबडली, तिच्या आजूबाजूला कुणी परकं घोटाळायला लागलं, की हे दुसरं संप्रेरक वरच अडकतं. कास भरलेली आणि वासरू उपाशी. "म्हणून आईला निवांत ठेवा!" हे शेवटचं वाक्य सर इतक्या जोरात म्हणत की मागच्या बाकावरचे दचकून जागे होत.

त्यांच्या नावावर एक संशोधनही होतं. महाविद्यालयाच्या शेळ्यांच्या गोठ्यात त्यांनी पितळी घंटा टांगली आणि प्रत्येक धारेआधी ती वाजवायचा नेम केला. काही काळाने शेळ्यांना घंटेची अशी सवय लागली की कासेला हात लागण्याआधीच, नुसत्या आवाजाने, पान्हा सुटायला लागला. हा निबंध छापून आला, दोनचार जणांनी वाचला, आणि सर पुढची सगळी वर्षं त्याच घंटेवर जगले. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी ती घंटा त्यांना भेट दिली. गोठ्यातल्या लोकांना त्या दिवशी किती बरं वाटलं, हे भाषणात कुणी सांगितलं नाही. घरी आल्यावर सरांच्या बायकोने घंटेला स्वयंपाकघराचं दार अडवून धरायच्या कामाला लावलं.

सर आजोबा झाले तोवर घंटेचं हे असं चाललं होतं.

सून एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायची. तिचा हात स्थिर होता, डोकं थंड होतं आणि बोलणं मोजकं. बाळंतपण सुखरूप झालं, बाळ घरी आलं, आणि मग ते चोखायचं, रडायचं, पुन्हा चोखायचं आणि पोट भरून नव्हे तर दमून झोपायचं. बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहून ओठ आवळले. वजन जागचं हललं नव्हतं. पुढच्या खेपेपर्यंत हललं नाही तर वरचं दूध सुरू करू, त्यात काही पाप नाही, हजारो मुलं त्यावर वाढतात, असं त्या म्हणाल्या. त्या बरोबरच बोलत होत्या आणि सुनेलाही ते माहीत होतं. तरी परतताना गाडीच्या मागच्या सीटवर ती सासूला हळूच म्हणाली, "आई, मला अजून थोडं करून बघायचंय."

पुढच्या सीटवर सर बसले होते. त्यांनी हे ऐकलं आणि त्यांची निवृत्ती तिथेच संपली.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी मोठा कागद घेतला, बाण काढले आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवला. या वेळी वासराच्या जागी नातवंड बसवलं होतं, पण हात सवयीचा असल्यामुळे कान थोडे लांब आले. सूनबाईंना निवांत ठेवायचं, असा फतवा निघाला. कुकरच्या शिटीवर बंदी आली. दारावरच्या बेलची वायर काढली गेली. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाला घरात मोज्यांवर चालायला सांगण्यात आलं. मुलगा "हो बाबा" म्हणाला. तो लहानपणापासून हेच म्हणत आला होता आणि त्यामुळे त्याचं आयुष्य बरंच सोपं गेलं होतं.

आता घरात एकच आवाज उरला, तो सरांचा. सून बाळाला घेऊन खोलीत गेली आणि दार लोटलं, की सर बाहेरच्या बोळात उभे राहत. खोलीत डोकावणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, माणूस सभ्य होता. ते दाराशी बोलत. आधी घसा खाकरत, कारण खडूच्या धुळीत उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. मग सांगत, सूनबाई, खांदे खाली सोड. श्वास लांब घे. वजनाचा विचार अजिबात करू नकोस. या शेवटच्या सूचनेनंतर कुणीही दुसरा कसला विचार करू शकेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. थोडा वेळ गेला की पुन्हा खाकरणं, आणि मग प्रश्न, "आला का गं पान्हा?"

आतून बाळाचं रडणं तेवढं यायचं.

बायकोने हे काही दिवस पाहिलं आणि शेवटी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. सर खचलेले दिसत होते. सगळं शास्त्राप्रमाणे चाललंय, मग अडतंय कुठे, हे त्यांना उमगत नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर दाराशी गेली. तिथे घंटा होती.

बायकोला ही कल्पना मुळीच आवडली नाही. पण नाही म्हटलं तर नवरा दिवसभर बोळातच उभा राहणार, हे ती ओळखून होती. तिने परवानगी दिली ती एका अटीवर. घंटा वाजवा, पण मग तिथे रेंगाळायचं नाही. लगेच फिरायला बाहेर पडायचं. नाहीतरी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंच आहे. सरांना ही अट फारच किरकोळ वाटली.

घंटा पाहून सुनेने साहजिकच चौकशी केली.

"बाबा, ही कुठली?"

"आमच्या गोठ्यातली. शेळ्यांवर फार छान चालली होती."

"मग माझ्यावर चालेलच म्हणता?"

"तत्त्व एकच आहे गं. शेळ्या जरा जास्त सहकार्य करायच्या, एवढंच."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने छताकडे पाहिलं.

प्रयोग सुरू झाला. बाळाची वेळ झाली की सर बोळात येऊन घंटा वाजवत, चपला चढवत, अंगण ओलांडत आणि फाटकाबाहेर पडत. फाटक लोखंडी आणि जुनं. त्याची कडी खाचेत पडली की असा खणखणाट व्हायचा की समोरच्या शिंप्याची सुई थांबायची. सर कोपऱ्यापर्यंत जाऊन, बाकावर बसून, वेळ काढून परत येत.

आणि चमत्कार झाला. म्हणजे सरांच्या मते चमत्कार नव्हे, शास्त्र. बायकोने बातमी दिली की बाळ आता आधी भराभर चोखतं आणि मग संथ होऊन गटगट घोट घेतं. एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूलाही ओढणी भिजते. पाजून झालं की बाळाच्या मुठी सैल पडतात. सरांनी डोळे मिटले. हीच ती लक्षणं, याच क्रमाने, त्यांनी फळ्यावर काढलेली. त्यांनी ताबडतोब एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की माणूस आणि शेळी यांत काडीचा फरक नाही. खोलीत सून बाळाची लाळ पुसत होती. दूध येत होतं, त्यापुढे तिला शेळी म्हणवून घेणंही परवडत होतं.

यशस्वी माणसाला हातावर हात ठेवून बसवत नाही. सरांना फाटकाची कडी खुपायला लागली. इतक्या नाजूक प्रयोगात हा गावठी खणखणाट कशाला? घंटेचा आवाज शुद्ध हवा, त्यात भेसळ नको. त्यांनी मुलाला हुकूम सोडला. मुलगा "हो बाबा" म्हणाला, बिजागऱ्यांत तेल सोडलं, सायकलची जुनी ट्यूब कापून कडीला आणि खाचेला गुंडाळली. लिफ्टची दारं बिनआवाज करणं हा त्याचा रोजचा धंदा, त्यामुळे काम चोख झालं. फाटक मांजरासारखं मिटायला लागलं.

दुसऱ्याच दिवशी पान्हा अडला.

घंटा वाजली, सर गेले, सर आले, आणि बायकोने मान हलवली. पुढच्या वेळीही तेच. सरांनी घंटा जोरात वाजवून पाहिली. लांबवर वाजवून पाहिली, दाराला चिकटून वाजवून पाहिली. शिंपी एकदा येऊन विचारून गेला की घरात शाळा काढलीय का. बाळ पुन्हा दमून झोपायला लागलं. आणि एका दुपारी खोलीतून दोन रडणी ऐकू आली, एक लहान आणि एक दाबलेलं. दवाखान्याची खेप जवळ आली होती. सुनेने सासूजवळ वरच्या दुधाच्या डब्याची चौकशी केली, अगदी सहज, भाजीची करावी तशी. सासू म्हणाली, आणू की, त्यात काय. पण दोघींपैकी एकीनेही पाकीट उचललं नाही.

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इथे एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. माणूस कितीही पिळणारा असला तरी अप्रामाणिक नव्हता. प्रयोग बिघडला की प्रयोगशाळेतल्या पोरांना ते एकच प्रश्न विचारत: काल चालत होतं, आज चालत नाही, मधे काय बदललं? तो प्रश्न त्यांनी आता स्वतःला विचारला. घंटा तीच. सून तीच. बाळ तेच. मग त्यांनी अंगणात जाऊन स्वतःच्या हाताने कडीवरचं रबर सोलून काढलं.

पुढच्या वेळी ते बाहेर पडले, कडी खणखणली, आणि बाळ पोटभर प्यालं.

सरांना घंटेचं दुःख झालं असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. घंटा खोटी ठरली तर ठरली, कडी खरी ठरली ना, आणि कडी शोधली कुणी? मज्जासंस्थेने इतक्या आवाजांतून नेमका कडीचाच आवाज उचलावा, यात सरांना एक निबंध दिसायला लागला. आता फक्त रीतसर पडताळा घ्यायचा राहिला होता. कडीचा आवाज वेगळा काढायचा आणि त्यांचं फिरायला जाणं वेगळं काढायचं.

पडताळ्याच्या दिवशी त्यांनी घंटेला हातही लावला नाही. ते अंगणात गेले, फाटक उघडलं, आणि बाहेर न पडता आतूनच जोरात लावलं. कडी नेहमीसारखी खणखणली. मग चपला हातात घेऊन, भिंतीला पाठ लावून, ते सुनेच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. शिंप्याने मशीन थांबवून हा प्रकार पाहिला आणि पुन्हा खाली मान घातली. समोरचे सर हुशार आहेत, हे त्याने आधीपासूनच धरून ठेवलं होतं.

आत बाळ भराभर चोखत होतं. मग ते संथ झालं आणि गटगट असा आवाज पडद्यातून स्पष्ट आला. पान्हा! नुसत्या कडीवर! सरांचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की ते जे करत तेच त्यांनी केलं. त्यांनी घसा खाकरला.

आत सगळं थांबलं. मग बाळाचं संतापलेलं रडणं. खिडकीचा पडदा सरला आणि बायकोचं डोकं बाहेर आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही गेला नाहीत?"

"पडताळा घेत होतो," सर म्हणाले.

सून बाळाला खांद्यावर थोपटत व्हरांड्यात आली. ती रागावलेली नव्हती, हे सरांना जास्त लागलं. एखाद्या नकाशातली चूक अचानक दिसावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"बाबा, मलाही आत्ताच कळलं," ती म्हणाली. "घंटेने काही होत नव्हतं हो. कडी वाजली की मला कळायचं, तुम्ही गेलात. मग खांदे आपोआप खाली यायचे. तुम्ही सांगता ना, तसेच."

बायको खिडकीतच होती. ती बरीच वर्षं थांबली होती आणि आता तिला घाई नव्हती.

"आपल्या मुलाच्या वेळी तुम्ही गोठ्यात राहायलाच गेला होतात," ती म्हणाली. "घरात कुणी तज्ज्ञ नव्हता. पोरगं कसं बाळसं धरून बसलं होतं, आठवतं? नसेल आठवत. तुम्ही शेळ्या बघत होतात."

त्या संध्याकाळी सर कुणाशी बोलले नाहीत. घरातल्यांना ती शांतता इतकी मानवली की कुणी समजूत काढायलाही गेलं नाही. मुलाने मात्र पहिल्यांदाच "हो बाबा" सोडून वेगळं काही म्हटलं. तो म्हणाला, "बाबा, जेवून घ्या." ताटावरून उठल्यावर सर फ्रिजपाशी गेले आणि आपलंच चित्र बराच वेळ न्याहाळत राहिले. एका कोपऱ्यात, ऑक्सिटोसिनच्या बाणाला आडवी रेघ मारून, त्यांनी अडथळे लिहिले होते: भीती, गडबड, परकी माणसं. हे शब्द त्यांनी जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं, खाली एक शब्द वाढवला आणि ते झोपायला गेले.

सकाळी पाणी घ्यायला आलेल्या सुनेने तो वाचला. "सासरे." अक्षर सुवाच्य होतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहावं तसं.

आता खरी पंचाईत अशी झाली की कडीचीही पत गेली होती. एकदा फसवणूक झाल्यावर आवाजावर भरवसा कसा ठेवणार? खणखणाट झाला तरी सुनेच्या मनात यायचं, गेलेत की भिंतीशी आहेत? आणि नुसतं असं मनात येण्याने काय अडतं, ते फ्रिजवर लिहिलेलंच होतं. तोडगा सरांनीच काढला. त्यांनी घडीची खुर्ची काढली, फाटकाबाहेर पडले, कडी लावली, रस्ता ओलांडला आणि शिंप्याच्या दुकानासमोर, सुनेच्या खिडकीतून नीट दिसेल अशा जागी, खुर्ची मांडून बसले. ऊन असलं की छत्री. पडदा बोटभर सरकवला की सासरे रस्त्यापलीकडे दिसत. निबंधाच्या भाषेत सांगायचं तर पुरावा डोळ्यांसमोर होता.

गल्लीला हे नवंच होतं. जाणारे येणारे थांबून विचारायचे, काय सर, घरातून हाकललं का? सर पहिले काही दिवस सगळ्यांना ग्रंथी, संप्रेरक, मज्जातंतू असं समजावून सांगत. लोक ऐकून घेत आणि पुढे जाऊन म्हणत, हाकललंच असणार. शिंपी भला माणूस. त्याने चहा देऊ केला आणि म्हणाला, "माझ्याकडेही आई राहायला आली की बायकोची शिवण वाकडी जाते." सरांना हे उदाहरण पटलं नाही, पण त्यात खोट काढता येईना.

हळूहळू सून पडदा सरकवायची विसरायला लागली. घंटा परत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. कुकरला शिटी वाजवायची मुभा मिळाली आणि बाळाला तिचा काडीचाही त्रास झाला नाही. घरातल्या कुठल्याच आवाजाचा त्याला कधी त्रास झाला नव्हता, एक सोडून.

दवाखान्याच्या दिवशी सगळेच गेले. बाळाला काट्यावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा नाकावर घेतला, आकडा पाहिला आणि "हं" म्हणाल्या. आकडा सरकला होता. भरघोस नाही, पण सरकला होता. वरच्या दुधाचं ठरवण्याआधी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. इथेच पाजा, म्हणाल्या. खोली अनोळखी, दिवे पांढरे, बाहेर कुणाचं तरी मूल किंचाळत असलेलं. सुनेने बाळाला जवळ घेतलं आणि तिचे खांदे वर चढले.

तिला काही बोलायची गरज पडली नाही. सर आधीच उठले होते. बाहेर जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, ते आवाज न करता मिटलं म्हणून पुन्हा उघडलं, आणि या वेळी असं लावलं की कुलपाची जीभ खट्कन खाचेत बसली आणि बोळातली नर्स वळून रागाने बघायला लागली.

बाकावर आणखी एक आजोबा बसले होते, मांडीवर लंगोटांची पिशवी घेऊन. त्यांनी सरांना जागा करून दिली.

"तुम्हालाही काढलं का बाहेर?" त्यांनी आपुलकीने विचारलं.

"काढलं नाही," सर म्हणाले. "कामावर आहे."

आजोबांनी समजल्यासारखी मान हलवली. सर ताठ बसून राहिले. मधे एकदा घशाशी खाकरा आला, तो त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वरचं दूध नको, सध्या हेच चालू ठेवा, असं सांगून त्या पुढच्या खोलीकडे वळल्या आणि मग थांबल्या. सुनेने आत काहीतरी सांगितलं असावं.

"यात तुमचा मोठा वाटा आहे म्हणतात. केलंत काय नेमकं?"

फळा नव्हता, खडू नव्हता, पण व्याख्यान सगळं तयार होतं, वासराच्या तोंडापासून गाईच्या डोक्यापर्यंत. सरांनी मिटलेल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाहेर गेलो," ते म्हणाले.